नवमीच्या तीन ओळी

आयएसओचं सर्टिफिकेट आलं त्या दिवशी कारखान्याच्या मालकानं, मुरलीकृष्णनं, त्याला मोगऱ्याचा हार घातला आणि काचेवर चंदनाचा टिळा लावून वर कुंकू टेकवलं. टिळा बसला तो नेमका मुदत संपायच्या तारखेवर. भामानं हसू आवरलं. दोन वर्षं राबून मिळवलेला कागद, त्याची तारीख झाकली गेली तर गेली. एक दिवस तरी माणसाला मिरवू द्यावं की नाही?

तंजावूरहून वल्लमकडे जाणाऱ्या रस्त्याला, औद्योगिक वसाहतीच्या शेवटच्या गल्लीत त्यांचा कारखाना. नाचणी, गहू, मूग, शेंगदाणे अशी पंधरा-सोळा धान्यं भाजून, दळून त्यांचं पीठ करायचं. तमिळमध्ये त्याला सत्तुमावू म्हणतात, घरोघरी लेकरांना त्याची लापशी देतात. पाकिटावर मुरलीच्या आईचं चित्र, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या घातलेलं, आणि खाली नाव, 'ताराबाई सत्तुमावू'. चित्रातल्या ताराबाई चाळिशीच्या होत्या. खऱ्या ताराबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पण आवाज अजून चित्रातल्या बाईचा.

भामा तिथली क्वालिटीची प्रमुख. वय बावन्न, तिरुच्चीहून एम.एस्सी. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल लोकांना जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं. मुरलीचे वडील आणि तिचे वडील शाळासोबती, दोघांच्याही घरी पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरची मराठी, म्हणून मालक असूनही मुरली तिला 'अक्का' म्हणायचा. आयएसओ घ्यायचं ठरलं तेव्हा चेन्नईचा एक सल्लागार आला, चार दिवस एसीत बसला, आणि तयार मजकुराची पेन ड्राइव्ह देऊन गेला. भामानं ती उघडून पाहिली. त्यात भलत्याच कुठल्या तरी टायरच्या कारखान्याचं नाव जागोजागी राहून गेलं होतं. तिनं ती खणात टाकली आणि स्वतः लिहायला बसली. भट्टी किती तापवायची, चाळणी कधी तपासायची, तक्रार आली तर कुणी कुणाला सांगायचं, सगळं दोनशे बारा पानं, इंग्रजीत आणि तमिळमध्ये. प्रत्येक पानाच्या तळाशी तिचं नाव. पहिल्या ऑडिटच्या वेळी भरद्वाज नावाचे ऑडिटर चष्मा काढून म्हणाले होते, "मॅडम, ही सिस्टम विकत आणलेली नाही, हे लगेच कळतं." ते वाक्य भामानं किती वेळा मनात घोळवलं असेल, तिचं तिलाच माहीत.

पण खरी गंमत सर्टिफिकेट मिळाल्यावर सुरू होते. ते असतं तीन वर्षांचं, आणि दर वर्षी ऑडिटर येऊन बघतो की लिहिलेलं अजून होतंय का. म्हणजे लग्नात हौसेनं नेसलेला शालू रोज नेसून भांडी घासायची. मुरलीला ते ठाऊकच नव्हतं, किंवा ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. महिन्याची मीटिंग आधी पुढे ढकलली गेली, मग ती न घेताच नुसता तिचा वृत्तांत लिहिला जाऊ लागला. वजनकाटे तपासणारा माणूस पुढच्या महिन्यात बोलवू म्हणत सहा महिने आला नाही. भामा बोलायला गेली की मुरली भिंतीकडे बोट दाखवायचा.

"अक्का, तें मिळालं की नाहीं? मग अत्तां कशाला पाठीस लागतांत?"

हार सुकला होता. तो कुणी काढला नव्हता.

एक माणूस मात्र पहिल्या दिवसापासून तसूभर हललं नव्हतं. महालक्ष्मी. तंजावूरच्या मानंबूचावडीतली, त्रेचाळीस वर्षांची, तीही घरी मराठीच बोलणारी. तिला या कारखान्यात भामानंच आणलं होतं. पॅकिंगच्या पट्ट्यावर शेवटी मेटल डिटेक्टर असतो, प्रत्येक पाकीट त्याच्या पोटातून जातं आणि आत लोखंडाचा कण असला तर यंत्र ओरडून थांबतं. ते यंत्र महालक्ष्मीचं. दर दोन तासांनी ती तीन पट्ट्या त्यातून सोडायची, लाल, हिरवी, निळी. प्रत्येकीत धातूची एकेक बारीक गोळी. तिन्ही वेळा यंत्र ओरडलं तर यंत्र जागं आहे. मग वहीत वेळ घालायची, 'ठीक' लिहायचं आणि तमिळ अक्षरांत सही करायची. मराठी ती बोलायची, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्येच. तंजावूरच्या मराठी माणसांत बहुतेकांचं तसंच.

भामानं तिला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, "जें झालं तेंच लिहायचं. आणि जें लिहिलेलं नाहीं तें झालंच नाहीं, असं समजायचं." महालक्ष्मीनं ते इतकं मनावर घेतलं की जेवणाची सुट्टी तपासणीच्या वेळेला आली तर ती डबा झाकून उठायची. बाकीच्या बाया हसायच्या. ती म्हणायची, "अक्कांनी सांगितलंय." तिला दुसरं कारण लागत नसे.

आता नवमीचं सांगायला हवं.

आयुधपूजा म्हणजे तंजावूरकडे मोठं प्रस्थ. आदल्या दिवशी सगळा कारखाना धुऊन काढतात, यंत्रं पुसतात, दारांना केळीचे खुंट बांधतात. नवमीला अवजारं आणि वह्या-पुस्तकं सरस्वतीपुढे मांडून वर चंदन-कुंकू लावतात, कुरमुरे, डाळं आणि गूळ वाटतात, कोहळा फोडतात. मग त्या दिवशी कुणी अवजाराला हात लावत नाही, वहीत एक रेघ ओढत नाही. दशमीला सकाळी परत पूजा झाली की देवीपुढून सगळं उचलायचं आणि कामाला लागायचं. कारखाना त्या दिवशी बंदच असतो, त्यामुळे कधी अडचण आली नव्हती.

यंदा आली. बेंगळुरूच्या एका बड्या गिऱ्हाइकाची मोठी ऑर्डर होती आणि लॉरी नवमीच्या संध्याकाळी सुटायलाच हवी होती. सकाळी पूजा झाली, प्रसाद वाटून झाला, आणि मुरलीनं जाहीर केलं की दुपारी एकपासून एक पाळी चालवायची. यंत्रांची पूजा झाली आहे, आता ती चालवली तर देवी काय रागावणार आहे? बायांनी एकमेकींकडे पाहिलं, पण ओव्हरटाइमचं कबूल केल्यावर टोप्या चढवल्या.

दोन वाजता महालक्ष्मी भामाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"अक्का, वही देवीपुढें आहे. तीन पट्ट्याही तेथेंच. अत्तां तपासूं कसं?"

भामा उठून पूजेच्या खोलीकडे गेली. पायऱ्यापायऱ्यांच्या मांडणीवर वजनं, तापमापकं, पान्हे, भामाचं स्वतःचं दोनशे बारा पानांचं पुस्तक, आणि दुसऱ्या पायरीवर मेटल डिटेक्टरची वही. तिच्यावर त्या तीन पट्ट्या रेशमी दोऱ्यानं बांधून ठेवल्या होत्या. तो दोरा सकाळी भामानंच बांधला होता. बाजूला खुर्ची टाकून ताराबाई जप करत होत्या.

"तो एक दोरा सोडूं का, मामी? पांच मिनिटांचं काम आहे."

ताराबाईंनी माळ थांबवली. "देवीपुढचं नवमीला उचलतांत काय गं? तुझी आई असती तर विचारलीस असतीस हें?"

भामानं हात पुढे केलाही होता. एवढं शिकलेली बाई, तपासणी चुकली तर काय होतं हे तिच्याइतकं त्या इमारतीत कुणाला कळत नव्हतं. तरी हात दोऱ्यापाशी जाऊन थांबला. लहानपणी नवमीला चुकून गोष्टीचं पुस्तक उघडलं म्हणून आईनं दिलेली चापट, दशमीला सकाळी पहिलं अक्षर गिरवायची ती धांदल, सगळं त्या हातात होतं. तिनं हात मागे घेतला.

"चालूं दे," ती येऊन महालक्ष्मीला म्हणाली. "उद्यां बघूं."

"सरी, बरं अक्का," महालक्ष्मी म्हणाली आणि पट्ट्यावर जाऊन उभी राहिली. दोन वाजले, चार वाजले, सहा वाजले. संध्याकाळी लॉरी गेली.

दशमीच्या सकाळी देवीपुढून पट्ट्या उचलल्या, महालक्ष्मीनं लाल सोडली. यंत्र गप्प. हिरवी, गप्प. निळी सोडली तेव्हा कुठे ते एकदा कुरकुरलं. महालक्ष्मी धावत आली. भामानं यंत्राचा पडदा पाहिला. पूजेसाठी ओल्या फडक्यानं पुसताना कुणाच्या तरी हातानं बटण दाबलं गेलं होतं आणि यंत्र किती बारीक धातू पकडेल तो आकडा पार खाली उतरला होता. म्हणजे नवमीची सगळी पाकिटं आंधळ्या यंत्रातून गेली होती. भामानं आकडा नीट केला आणि तडक मुरलीच्या खोलीत गेली.

"लॉरी परत बोलाव. काल जें गेलं तें न तपासतां गेलं."

"अक्का, लॉरी होसूर ओलांडून गेली असेल."

"मग त्यांना फोन कर. माल बाजूस ठेवा म्हणून सांग."

"आणि कारण काय सांगूं? देवीनं पट्ट्या ठेवून घेतल्या म्हणून?" मुरली हसला. "इतकीं वर्षं कधीं कांहीं निघालं काय? काय होत नाहीं. जावा, कॉफी घ्या."

आणि भामानं कॉफी घेतली. हेच सांगायचं आहे. पुस्तकाच्या एकशे चाळिसाव्या पानावर तिनंच लिहिलं होतं की अशा वेळी माल अडवायचा आणि मालक ऐकत नसेल तर गिऱ्हाइकाला स्वतः कळवायचं. तिच्याकडे गिऱ्हाइकाचा नंबर होता. तिनं तो लावला नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी, ऑडिट तीन आठवड्यांवर आलं तेव्हा, वह्या भरायला घेतल्या. "अस्कं भरून टाका अक्का, सगळ्या वह्या, एक घर रिकामं दिसूं नये," मुरलीनं सांगितलं. पहिल्या दिवशी भामानं दर पानाला पेन खाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी तिला त्यातली खुबी कळायला लागली. एकाच पेनानं भरलं तर ऑडिटरला कळतं, म्हणून दोन निळी, एक काळं. मध्येच एखादी खाडाखोड करायची, खरं वाटतं. माणूस कशात हुशार होईल, सांगता येत नाही.

मेटल डिटेक्टरच्या वहीत सगळ्या वर्षात फक्त तीन ओळी रिकाम्या होत्या. नवमीच्या. त्यांच्याशिवाय दशमीची पहिली ओळ तेवढी महालक्ष्मीनं भामाला विचारून भरायची म्हणून सोडली होती. भामानं तिला बोलावलं आणि वही पुढे सरकवली.

"हें भर."

महालक्ष्मीनं तारीख पाहिली. "त्या दिवशीं तर वही देवीपुढें होती, अक्का."

"ठाऊक आहे मला. भर."

"आणि दशमीला यंत्र ओरडलं नाहीं, तें?"

"तिथंही ठीक लिही. ऑडिट झालं की अस्कं पहिल्यासारखं करूं. तूं घाबरूं नको, मी आहें."

महालक्ष्मीनं वही जवळ घेतली. मग म्हणाली, "पेन कोणतं?" भामानं काळं दिलं. तीन ओळी, मग चौथी. सुबक अक्षर, प्रत्येकीपुढे सही. भामा मनात म्हणाली, हिच्याकडून मी हे करून घेतलं. आणि मग पुढची वही ओढली, कारण अजून अकरा वह्या बाकी होत्या.

दहा दिवसांनी बेंगळुरूहून मेल आला. चार वर्षांच्या एका मुलीच्या लापशीत तारेचा तुकडा निघाला होता, नखाएवढा. हिरडी फाटली, दोन टाके पडले. सोबत फोटो होता, पिठाळलेल्या चमच्यातल्या तारेचा आणि दुसरा त्या मुलीचा, तोंडाशी रुमाल धरलेला. पाकिटावरची तारीख नवमीची. भामानं चाळणीघरात जाऊन त्या दिवशीची चाळणी शोधली. एका कडेला जाळी उसवली होती, फोटोतला तुकडा तिथे अगदी जुळत होता.

ती फोटो घेऊन मुरलीसमोर बसली. या वेळी मुरली हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता, पण डोकं चालू होतं.

"अक्का, वहींत काय आहे?"

"ठीक म्हणून आहे. महालक्ष्मीची सही."

"मग झालं. यंत्र ठीक, वही ठीक, तरी तार गेली. म्हणजे तिनं न तपासतां सही केली. हें मायनर होतें, लहान दोष. पण वही आम्हीं बसून भरली म्हणून कळलं, तर मेजर. सर्टिफिकेट जातें. तुमचं पुस्तक, तुमचं नांव, दोन वर्षं, अस्कं जातें."

"तिला काय होईल?"

"काय होत नाहीं. एक वॉर्निंग लेटर. देवाशपथ."

मुरली वाईट माणूस होता असं म्हणता येणार नाही. त्याला फक्त कुठे दाबायचं ते बरोबर कळत होतं. 'तुमचं नांव' म्हणताना तो भामाकडे बघतही नव्हता.

ऑडिट मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धात झालं. फाटकासमोर मोठी रांगोळी, आत नवा मोगऱ्याचा हार. भरद्वाज आले ते गेल्या वेळेसारखेच, मृदू बोलणारे, कुठलंही पान बरोबर जिथे दुखतं तिथे उघडणारे. तक्रारीची फाइल त्यांनी आधी मागितली. मग मेटल डिटेक्टरची वही. त्यांचं बोट नवमीच्या तारखेवर थांबलं. भिंतीवरच्या कॅलेंडरात ती तारीख लाल होती.

"आयुधपूजेला कारखाना चालू होता?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"एकच पाळी, सर. अर्जंट ऑर्डर," मुरली म्हणाला.

"आमच्या घरी त्या दिवशी मुलांच्या पेन्सिलीसुद्धा पूजेत असतात," भरद्वाज म्हणाले. आवाजात काही नव्हतं. "ही वही कुठे होती?"

मुरलीनं कॉफी पुढे सरकवली. त्यांनी चष्मा पुसला. "ऑपरेटरला बोलवा."

महालक्ष्मी आली, टोपी नीट करत. समोर खुर्ची होती तरी उभीच राहिली. भरद्वाजांनी वही तिच्याकडे फिरवली आणि त्या तीन ओळींवर बोट ठेवलं.

"अम्मा, हे तुम्ही त्याच दिवशी, त्या वेळेला तपासून लिहिलंत का?"

महालक्ष्मीनं ओळींकडे पाहिलं. मग तिनं मान वळवून भामाकडे पाहिलं, आणि मराठीत विचारलं, अगदी रोज पट्ट्यावर काही अडलं की विचारायची तसं, "अक्का, काय सांगूं?"

त्या खोलीत ते वाक्य तिघांनाच कळलं. चौथा माणूस, ज्याला कळायला हवं होतं, तो चष्म्यातून दोघींकडे बघत थांबला. घरची भाषा. जिच्यात या दोघी एकमेकींना सणाला बोलवायच्या, आजारपण विचारायच्या. भामाला वाटलं, आता म्हणावं, खरं सांग. नाहीतर आपणच उठून म्हणावं, सर, दोरा मी बांधला होता. दोन वाक्यं होती. तोंडात आलीही होती. तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या पुस्तकावर गेली. उघड्या पानाच्या तळाशी तिचं नाव होतं.

"वहींत जें आहे तें सांग," भामा म्हणाली.

"काय म्हणाली ती?" भरद्वाजांनी विचारलं.

"घाबरली आहे, सर," भामा तमिळमध्ये म्हणाली. "मी सांगितलं, घाबरू नको, खरं ते सांग."

महालक्ष्मीला तमिळ भामापेक्षा चांगलं येत होतं. तिनं भामाचं भाषांतर ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं असेल तर ते टोपीच्या सावलीत गेलं. तिनं भरद्वाजांकडे वळून सांगितलं, "हो सर. मीच लिहिलं. त्याच दिवशी."

भरद्वाजांनी वहीवरून नजर भामाकडे वळवली. त्यांना कळलं होतं, हे भामाला कळत होतं. त्यांनी मनावर घेतलं असतं तर आणखी दोन प्रश्नांत सगळं बाहेर पडलं असतं. पण चारची गाडी होती, आणि समोर सही होती, कबुली होती. त्यांनी लॅपटॉपवर लिहिलं: ऑपरेटरनं प्रत्यक्ष तपासणी न करता नोंद केली. मायनर. तीस दिवसांत सुधारणेचा पुरावा पाठवावा. निघताना ते म्हणाले, "सिस्टम चांगली आहे, मॅडम." पहिल्या ऑडिटचं त्यांचं कौतुक किती गोड लागलं होतं. या वेळी ते कानफटात बसल्यासारखं लागलं.

वॉर्निंग लेटर काही निघालं नाही. बेंगळुरूच्या गिऱ्हाइकानं कळवलं, की संबंधित व्यक्तीला अन्नाच्या कामावरून दूर केल्याशिवाय पुढची ऑर्डर नाही. मुरली म्हणाला, त्याचा नाइलाज आहे. पोंगलच्या, म्हणजे तिकडच्या संक्रांतीच्या, आधीच्या शनिवारी महालक्ष्मीला सांगितलं, सोमवारपासून येऊ नको. तिनं टोपी आणि अॅप्रन धुऊन, घडी करून आणून दिलं. वसाहतीतल्या दुसऱ्या दोन कारखान्यांत ती विचारायला गेली, पण तोवर सगळीकडे कळलं होतं की ही न तपासता सही करणारी बाई. पट्ट्यावरच्या ज्या बाया तिला हसायच्या, त्या आता तिचं नाव निघालं की गप्प होत. भामा त्यांच्या बाजूनं जायची तेव्हाही गप्प होत.

पुरावा पाठवायची मुदत संपायला पाच दिवस राहिले, तेव्हा भामा कागद घेऊन टाउन बसनं मानंबूचावडीला गेली. एक कागद महालक्ष्मीच्या कबुलीचा. दुसरा, तिला कामावरून काढण्याआधी पुन्हा प्रशिक्षण दिलं होतं असं दाखवणारा. असलं प्रशिक्षण झालंच नव्हतं. पण त्याच्याशिवाय मायनर बंद होत नाही, असा नियम होता. भामाच्याच पुस्तकात होता.

महालक्ष्मी दारात मोगरा ओवत बसली होती. पुढ्यात परात, मोजून बांधलेले गजरे. भामाला पाहून ती उठली, हात पुसले.

"या अक्का, बसा. कॉफी ठेवतें."

तिनं कॉफी आणली, वाटीत उरलेला पोंगल आणला. भामाच्या बहिणीच्या गुडघ्याचं विचारलं. ती चिडली असती, रडली असती, दारातून हाकलली असती तर भामाला बरं वाटलं असतं. त्यासाठी भामा वाटभर तयारी करून आली होती. पण महालक्ष्मी नेहमीसारखीच होती, फक्त नजर भामाच्या खांद्यावर कुठेतरी ठेवून बोलत होती.

शेवटी भामानं पिशवीतून कागद काढले. ते मांडीवर सारखे केले. "एक काम होतं. दोन सह्या पाहिजेत. माझ्यानं दुसऱ्या कुणाला पाठवणं झालं नाहीं, म्हणून मीच आलें. महालक्ष्मी, मला सांगायचं होतं की..."

"द्या," महालक्ष्मी म्हणाली.

तिनं कागद घेतले. वरचा मजकूर तमिळमध्ये होता, तिला वाचता येत होता, पण तिनं वाचला नाही. सहीच्या जागेवर बोट ठेवलं आणि दुसरा हात पुढे केला.

"पेन कोणतं? निळं की काळं?"

भामानं पिशवीत हात घातला. तिनं हाताला लागलं ते दिलं. महालक्ष्मीनं पहिल्या कागदावर सही केली, मग दुसऱ्यावर. सहीच्या खाली तारखेची रेघ होती. तिथे पेन टेकवून ती थांबली आणि पहिल्यांदा तिनं भामाच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. आवाजात टोमणा नव्हता. काम समजून घेताना विचारायची तसंच तिनं विचारलं.

"तारीख आजची घालूं, अक्का, की मागची?"

बाहेर कुणीतरी गजरे किती म्हणून विचारत होतं. महालक्ष्मीनं तिकडे लक्ष दिलं नाही. ती वाट बघत होती.

"मागची," भामा म्हणाली.

"कोणती?"

भामानं सांगितली. महालक्ष्मीनं ती सुबक अंकांत लिहिली, पेनाला टोपण लावलं, आणि परातीतला मोगरा जवळ ओढला.